सूर्यतेजाचा भाव

सूर्याला नित्य अर्घ्य देणाऱ्या या देशांत सूर्याकडून काम करून घेण्याचा एक आरंभ मुंबईंतच झाला, हें फारच थोड्यांस ठाऊक असेल. मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनीं कुलाब्यास सपाट आरशांची रांग मांडून उन्हानें पाण्याची वाफ केली व तिच्या बळावर अडीच अश्वशक्तींचा पंप चालवून दाखविला. १८७८ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथही लिहिला. त्यांचा हिशेब सरळ होता: उष्ण देशांत सरपण व कोळसा महाग, ऊन मात्र फुकट. परंतु तो प्रयोग कौतुकाचा विषय झाला, व्यवसाय झाला नाहीं.

पुढें २०१० सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय सौर अभियान हातीं घेतलें, तेव्हां सौरविजेचा दर युनिटला सुमारें १८ रुपये होता. मग दर लिलावानें ठरूं लागले, चीनमध्यें तयार होणाऱ्या पट्ट्या स्वस्त झाल्या, आणि २०१७ सालीं राजस्थानांतील भडला येथें तोच भाव २ रुपये ४४ पैशांवर उतरला. २०२५ च्या आरंभीं देशाची सौरविजेची क्षमता एक लाख मेगावॅटपर्यंत पोहोंचली.

तथापि प्रश्न मिटला नाहीं. कोळशाचा ढीग रचून ठेवतां येतो. उन्हाचा येत नाहीं. दिवेलागणीस विजेची मागणी वाढते, नेमका तेव्हांच सूर्य मावळतो. म्हणून देशांतील बहुतेक वीज अद्यापि कोळशाचीच आहे. दिवसाचें ऊन रात्रीसाठीं स्वस्तांत राखतां येईल, तेव्हांच ॲडम्सचा हिशेब पुरा होईल.