वीज नव्हती तेव्हाचे घर

गेल्या महिन्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. त्याला नोकरीचा कंटाळा आला आहे (तसा तो दर पावसाळ्यात येतो!) आणि आपल्या साकोलीकडच्या शेतावर घर बांधायचे त्याने मनावर घेतले आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, सौर पॅनेल, आणि वीज कंपनीचे कनेक्शन घ्यायचेच नाही. म्हणाला, "आजोबा, तुमचं जुनं घर असंच होतं ना? सगळं आपलं आपण. मला ते नीट लिहून पाठवा."

लिहायला बसलो आणि लक्षात आले की तो समजतो तसे ते घर नव्हते. म्हणून हे जरा लांबणार आहे.

आधी मातीचे सांगतो. आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळी घालून तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवला. १९५१ मध्ये, आपण जुन्या मध्यप्रदेशात असताना, मालगुजारी संपली आणि मोठे तलाव सरकारकडे गेले. लहान बोड्या मात्र पुष्कळशा शेतकऱ्यांच्याच राहिल्या. आमचीही एक बोडी होती, आणि आमचे घर एका अर्थाने तिच्यातूनच निघाले. उन्हाळ्यात बोडी आटली की गाळ काढायचा. काळा कसदार गाळ बांधीत टाकायचा आणि चिकणमाती घरासाठी ठेवायची. तीत धानाचे तणस घालून बैलांकडून तुडवून घ्यायची. भिंत एका दमात उभी राहत नसे. हातभर थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. घाई केली की भिंत बसलीच! माझ्या आजोबांनी दोन उन्हाळे घालवून घर उभे केले असे बाबा सांगत.

आणि घर एकदा बांधून संपत नाही, हेही नातवाला कळले पाहिजे. मृग लागण्याआधी कवेलू फेरावे लागत. कुंभाराने चाकावर केलेले अर्धगोल कवेलू, त्यावर वानरांची टोळी एकदा नाचून गेली की निम्मे फुटलेले. छपराखालचे बांबू वाळवीने खाल्लेले निघत, ते बदलायचे. दिवाळीआधी भिंती छुईने पोतायच्या, जमीन तर दर आठवड्याला सारवायची. हे पोतणे-सारवणे कोणी करायचे, हे आमच्या घरात कधी कोणी विचारले नाही. माय करायची.

"सगळं आपलं आपण" हेही अर्धेच खरे. धान, डाळ, भाजी, दूधदुभते घरचे. पण टोपल्या-सुपे बुरडाची, नांगराचा फाळ लोहाराचा, कवेलू कुंभाराचे, आणि या सगळ्यांना धान निघाल्यावर खळ्यावर मोजून धान द्यायचे. पाण्याचे पितळी गुंड भंडाऱ्याचे. मीठ बाजाराचे. आणि घासलेट! ते तर थेट परदेशातून येणाऱ्या तेलाशी बांधलेले. संध्याकाळी राखेने कंदिलाची काच पुसणे हे आम्हा मुलांचे काम होते. काच फुटली तर साकोलीच्या बाजारापर्यंत अंधार. म्हणजे विजेच्या तारेला आम्ही बांधलेले नव्हतो, पण दुसऱ्या कितीतरी दोऱ्यांनी बांधलेले होतो.

आता मुख्य गोष्ट. बाबांना ग्रामोद्योगाचे फार वेड. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचे काम उभे केले. खेड्याने आपल्या गरजा आपल्या हाताने, आपल्या परिसरातल्या वस्तूंनी भागवाव्यात, हा विचार. तिथे घासलेटऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला, धूर कमी करणारी मगनचूल तयार झाली. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. स्वातंत्र्यानंतर बाबा ते मुद्दाम पाहून आले. काय काय पाहिले ते आम्हाला पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगत. येताना चरखा घेऊन आले. मगनचूल नाही आणली.

चरखा ओसरीत असे, आल्यागेल्याला दिसे. चूल आत होती.

मी मोठा झालो, बी. ए. झालो, शाळेत लागलो. आरोग्याच्या तासाला मी फळ्यावर लिहीत असे, 'धुरापासून डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होतो'. घरी येऊन चहाची वाट बघत बसत असे आणि आत माय ओल्या लाकडांवर फुंकणी धरून खोकत असे. एकदा ती म्हणाली, "तू पोराईले शिकवतेस, मंग घरचा धूर कोन पाहील?" मला उत्तर सुचले नाही. सत्तरच्या दशकात गावात वीज आली, आमच्याकडेही आली, तरी पहिला बल्ब ओसरीतच लागला. स्वयंपाकघरात लागायला आणखी दोन वर्षे गेली.

१९८४ मध्ये एकदाची आम्ही गोबरगॅसची टाकी बांधली. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली होती, अनुदान मिळत होते. बाबांचा आक्षेप निघाला की शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य कसा शिजवायचा? माय शांतपणे म्हणाली, "देवघर कायनं सारवतो आपन?" विषय तिथेच संपला!

दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण लागते, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. आणि शेणाइतकेच पाणी. इथे माझी फजिती झाली. धूर गेला म्हणून मी खूश होतो आणि आठ दिवसांनी बघतो तर माय विहिरीवरून रोज तीन-चार गुंड जास्तीचे पाणी ओढते आहे. एक कष्ट गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि तो आपोआप तिच्याच वाट्याला गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाण्याआधी शेण कालवायचे आणि पाणी ओढायचे काम मी घेतले. माझ्या आयुष्यातले घरासाठी केलेले पहिले रोजचे काम ते. तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

मायला दमा जडला होताच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, चुलीपुढे किती वर्षे? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून. १९९६ मध्ये ती गेली. पुढे शेतात ट्रॅक्टर आला, बैल विकले, टाकी बंद पडली. तिच्यावर आता जास्वंदीचे झाड आहे. घरातल्या धुराने जगात आजही वर्षाला सुमारे ३० लाख माणसे मरतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा मला मायचीच आठवण झाली.

असो. तर बाळा, घर जरूर बांध. मातीची भिंत उन्हाळ्यात गार राहते. बोडीचा गाळ अजूनही मिळेल, कवेलू करणारा मात्र शोधावा लागेल. सौर दिवे लाव. पण पहिला दिवा स्वयंपाकघरात. पाण्याचा पंप आधी, बाकी हौस नंतर. आणि घरातल्या रोजच्या कामांची एक यादी करून प्रत्येकापुढे नाव लिही. सूनबाईचे नाव किती वेळा आले ते मोज.

परवा त्याने नकाशा पाठवला. ओसरी छान मोठी काढली आहे. स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात, खिडकी एकच. मी पेन्सिलीने पूर्वेला दुसरी खिडकी काढून नकाशा परत पाठवला आहे.