दळण सुटलं, ओवी कुठे ठेवायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नव्या बंगल्यांच्या फाटकातून आत गेलं की पुष्कळदा कुंड्यांच्या शेजारी एक जुनं जातं मांडलेलं दिसतं. त्याचा खुंटा केव्हाच निघून गेलेला असतो आणि वरच्या दगडावर एखादं शोभेचं रोप ठेवलेलं असतं. पाहुणे कौतुकाने विचारतात, ‘हे आजीचं का?’ यजमान अभिमानाने हो म्हणतात. पण या जात्यावर बसून आजी काय गात होती, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. जातं जपलं गेलं, त्यावरचं गाणं जपायचं मात्र राहून गेलं.

रोजच्या धावपळीत काही नवनिर्मितीलाही जागा असावी, घरच्या आठवणी मुलानातवंडांपर्यंत पोचाव्यात, असं आज आपण वारंवार बोलतो. त्यासाठी छंदवर्ग लावतो, सुट्टीतली शिबिरं शोधतो, फोटोंचे आल्बम करतो. मराठी मुलखातल्या बायका या दोन्ही गोष्टी शेकडो वर्षं रोज, एकाच जागी बसून करत होत्या. त्यासाठी त्यांनी वेगळा वेळ काढला नव्हता. तो त्यांना मिळतच नव्हता. ही व्यवस्था कशी चालत होती आणि ती मोडली तेव्हा आपण नेमकं काय गमावलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी कामाविषयी. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही. बाजरीचं तर चार दिवसांत कडू होऊ लागतं. त्यामुळे महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय नव्हती. घरात खाणारी तोंडं दहा-बारा असली तर कोंबडं आरवण्याआधी उठून दळायला बसावं लागे. डाव्या-उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, मधूनमधून मूठभर दाणे तोंडात सोडायचे, पाळीभोवती जमलेलं पीठ गोळा करायचं. कधी एकटी, कधी सासू-सून किंवा दोघी जावा समोरासमोर. पुढे पाणी, शेण, चूल, शेत हे सगळं होतंच. दळण संपलं म्हणजे दिवस सुरू झाला, असा तो हिशेब होता.

या कामाची एक लय असते आणि त्या लयीत ओवी बसते. कष्ट हलके व्हावेत म्हणून गाणं, एवढंच आपण सहसा सांगतो. पण त्याला आणखी एक बाजू आहे. भरल्या घरात सुनेला बोलायला जागा नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर मान वर करायची नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, माहेरची तक्रार तर दूरच. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीच्या आडोशाला मात्र तिला मन मोकळं करता येई. ती दळते आहे म्हटल्यावर तिला कुणी गप्प बसवत नसे, कारण ती गप्प बसली तर दळणही थांबेल.

ही रीत किती जुनी असावी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे १२९०ची ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षं बायकांची ओवी राजदरबारातल्या ग्रंथकाराच्या कानावर गेली होती. ज्ञानेश्वरीची ओवी आणि जात्यावरची ओवी यांची रचना एकसारखी नाही, पण नाव एकच आहे. पुढे संत जनाबाईंच्या बाबतीत तर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागतो, अशी कथाच झाली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं आजही दाखवतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी त्यामागची भावना लक्षात घेण्याजोगी आहे: देवाला भेटायचं तर तो दळणापाशीच यावा, कारण दळणारीला तिथून उठायला सवड नाही.

ओवीची घडण अशी होती की कुणालाही ती करता यावी. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. तिच्या सुरुवातीचे ठरावीक साचे असतात, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे भरीचे शब्द येतात, शेवटी यमक जुळतं. साचा आईकडून, आजीकडून मिळालेला. पण त्यात भावाचं नाव आपलं, गाव आपलं, दुःखही आपलं. एका घरातली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की ओवी तिच्याबरोबर जाई आणि तिथे नवी नावं घेई. सगळं नव्याने रचण्याचं ओझं कुणावर नव्हतं, आणि आहे तसंच म्हणायची सक्तीही नव्हती. निर्मिती म्हणजे काहीतरी अगदी अपूर्व असलं पाहिजे, या धास्तीने आज आपण पेन हातात घेत नाही. ओवी रचणाऱ्या बायकांना ही धास्ती नव्हती.

मग या ओव्यांत काय साठत गेलं? राम, सीता, विठ्ठल आणि पंढरीची वाट तर आहेच. पण त्याबरोबर आई गेल्यानंतर माहेर कसं परकं झालं, भावाने चोळी पाठवली की नाही, लेकीला दिलं ते घर कसं निघालं, हेही आहे. मुलगी जन्मल्याचं दुःख करणाऱ्या ओव्या आहेत आणि मुलीची बाजू घेणाऱ्याही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचं कार्य यांवर बायकांनी मनापासून रचलेल्या ओव्यांचा तर मोठा संग्रहच आहे. म्हणजे नव्या काळाची बातमीही जात्यापर्यंत पोचत होती.

घराण्याचा लेखी इतिहास आपल्याकडे बहुतेक पुरुषांच्या नावाने चालतो. वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते, सातबाऱ्यावर नाव त्याचं, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळ त्याचं. लग्नात जिचं नावही बदललं जायचं, तिची आठवण कुठे नोंदवायची? ती ओवीत नोंदवली जात होती. आजीची आई कोण, तिचं माहेर कुठलं, तिला किती भाऊ, त्यातला कोण लवकर गेला, हे सांगणारं पुष्कळ घरांतलं एकमेव साधन ओवी हेच होतं. हे साधन कागदावर नव्हतं. ते कामाच्या सवयीत होतं, आणि म्हणून कामाबरोबरच जाणार होतं.

पिठाची गिरणी आली तेव्हा तसंच झालं. शहरांत ती आधी आली, खेड्यांत स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि नंतर, प्रथम तेलाच्या इंजिनवर आणि मग विजेवर. बायकांनी तिचं स्वागत केलं आणि ते अगदी योग्य होतं. रोजचे काही तास दगड फिरवण्यात काव्य शोधणं सोपं आहे, ते दुसऱ्याच्या खांद्यांवर असलं की अधिकच सोपं. जात्याला बोल लावणाऱ्या, हाताला घट्टे पडल्याचं सांगणाऱ्या ओव्याही बायकांनीच रचल्या आहेत. तेव्हा जातं परत आणावं असं कुणी म्हणू नये. मात्र गिरणीने कष्ट नेले, त्याबरोबर कष्टाच्या आडोशाने मिळालेली जागाही नेली. वाचलेल्या वेळात दुसरी कामं शिरली. गाण्यासाठी, आठवण सांगण्यासाठी नवी जागा कुणी नेमून दिली नाही.

एवढ्यावरच थांबलं असतं तर सगळंच गेलं असतं. पण काही माणसांनी वेळीच कान दिले. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त लावली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड प्रसिद्ध केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून, मावळातल्या गरीब डोंगरी कुटुंबांत काम करता करता, ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. हा संग्रह वाढत वाढत १ हजाराहून अधिक गावांत पोचला आणि ओव्यांची संख्या १ लाखाच्या पुढे गेली. त्यातल्या कित्येकींचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला. पॉयतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणल्या. त्यासाठी कार्यकर्ते पुन्हा गावोगाव गेले तेव्हा गाणाऱ्यांपैकी काही जणी निवर्तल्या होत्या.

बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरची, शेतातली कामं करता करता त्या गाणी रचत. त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव, आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही ऐकता ऐकता उतरवून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. या गोष्टीतून आपण बहिणाबाईंची थोरवी घेतो, ती घ्यायलाच हवी. पण त्यात ऐकणाऱ्याचाही वाटा आहे. घरातल्या दोघांनी आपल्या माणसाचं बोलणं लिहून ठेवण्याजोगं मानलं, म्हणून ते राहिलं. ज्या घरांत असं कुणी नव्हतं, तिथली बहिणाबाई तिच्याबरोबरच गेली. अशी घरं किती असतील, याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

आता आपल्या घरांकडे वळू. जुन्या रीतींपैकी काय टिकलं, ते पाहिलं तरी बरंच कळतं. उखाणा टिकला, कारण लग्नात आणि हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ ठरलेली आहे आणि साचाही तयार आहे. लग्नघरी जातं अजून पूजलं जातं, त्यावर हळद दळताना चार जणी गातात. गोधडी टिकली, कारण बाळाला ऊब लागतेच. आजीचं मऊ झालेलं लुगडं, आईची साडी, आजोबांचं धोतर धावदोऱ्याने एकत्र येतं आणि तान्ह्या जिवाच्या अंगावर तीन पिढ्या पांघरल्या जातात. जिथे नेमलेली वेळ, हातातलं काम आणि सोपा साचा या तीन गोष्टी राहिल्या, तिथे रीतही राहिली. नुसत्या हौसेवर सोडलेली मात्र मागे पडली.

म्हणून आठवणी जपायच्या तर त्या ‘सवड मिळाल्यावर’ या सदरात ठेवून चालणार नाही. त्या एखाद्या रोजच्या किंवा आठवड्याच्या कामाला बांधाव्या लागतील. भाजी निवडताना, पापड लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना घरातल्या वडील माणसाला एकच प्रश्न विचारावा. ‘आजी, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?’ इथपासून सुरुवात केली तरी चालेल. उत्तर आलं की त्याच दिवशी वहीत लिहावं, तारीख घालावी. जुन्या फोटोच्या मागे नावं लिहावीत. नातवंडाच्या वाढदिवसाला दोन ओळी जुळवाव्यात. यमक ओढूनताणून आलं तरी बिघडत नाही. मोबाइलवर आवाज मुद्रित करता येतो, पण आजीला समोर बसवून ‘आता गा’ म्हटलं तर ती बुजते. हातात काम असलं की ती आपसूक बोलू लागते. आणि हे सगळं पुन्हा घरातल्या बायकांच्याच माथी मारू नये. जात्यापाशी पुरुष बसत नव्हते. वहीपाशी, भाजीच्या परातीपाशी त्यांना बसायला काहीच हरकत नाही.

ज्यांनी रोजच्या पोटासाठी हाताने दळलं, अशा बायका आता बहुतेक सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत. मोठे संग्रह झाले ते मोलाचे आहेत, पण आपल्या घराची ओवी त्या १ लाखांत असेलच असं नाही. ती अजून कुणाच्या तरी ओठांवर असेल तर ऐकून घेण्याचं काम दुसरं कुणी येऊन करणार नाही. बंगल्याच्या दारातलं जातं पुढेही राहील, दगडाला काही होत नाही. त्याच्यापाशी उभं राहून नातवंडाने ‘आजी काय गायची?’ असं विचारलं, तर सांगण्यासारखं निदान दोन ओळींचं उत्तर आपल्यापाशी असावं.