मोडीचे वळण आणि छापील खिळा

मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या जमीनकागदांत आधी शिरोरेघ ओढलेली असते. मग मोडी अक्षरे तिच्याखाली, लेखणी शक्यतो न उचलता, एकमेकांत वळत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हे सौंदर्य वेगाचे आहे. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरीने १८१० साली मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला, तेव्हा नेमके हे वळणच तुटले. कारण खिळ्याला अक्षर सुटे लागते. पुढे ग्रंथ बाळबोधीत स्थिरावले, मोडी दप्तरात राहिली. बखरींना वाङ्मयाचा मान मिळाला तो १८७८पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’सारख्या मासिकांनी त्या बाळबोधीत छापल्यावर. सावंतवाडी संस्थानच्या पत्रांतील गद्य मात्र इतिहासाचे ‘साधन’च राहिले. ही वर्गवारी शैली पाहून झालेली नाही.