एका गुणाचं अंतर

४ ऑक्टोबर २०१९. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये शाळकरी मुलांचा गलका चालला होता. तीन हजारांहून अधिक मुलं जमली होती. भारतात पहिल्यांदाच एनबीएचे दोन संघ एकमेकांशी खेळत होते: इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली, सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्स जिंकले. १३२–१३१. अवघा एक गुण.

दुसऱ्या दिवशी हेच दोन संघ त्याच मैदानावर पुन्हा खेळले आणि पेसर्सनी किंग्जना १३०–१०६ असं धुतलं. काल एक गुण, आज चोवीस. हंगामाआधीचे हे सराव सामने, त्यामुळे त्यांचा फार अर्थ लावण्यात हशील नाही. पण या दोन संघांची तुलना माझ्या डोक्यात तेव्हापासून बसली आहे. याचं कारण एक आडनाव.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे. जन्म आणि बालपण मुंबईतलं. शिकायला अमेरिकेत गेले, सॉफ्टवेअरमध्ये मोठी कंपनी उभी केली आणि २०१३ मध्ये सॅक्रॅमेंटोचा संघ घेणाऱ्या गटाचे प्रमुख झाले. लोक खेळाडू बघून संघ निवडतात, मी आडनाव बघून निवडला. संभाजीनगरात पहाटे उठून मोबाईलवर सामने बघणाऱ्या आमच्या सहा-सात जणांच्या टोळक्यात किंग्जवाला मी एकटाच.

२३ जून २०२५ ला, सोमवारी पहाटे साडेपाचला, आम्ही सगळे जागे होतो. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना होता. त्यात एक संघ होता पेसर्स. माझे किंग्ज एप्रिलमध्येच घरी बसले होते. वरळीच्या त्या एका गुणाचं एवढं अंतर सहा वर्षांत कसं झालं, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

बारा वर्षांच्या मुलींचा संघ

रणदिवे लहानपणी क्रिकेट आणि फुटबॉल बघत वाढले. बास्केटबॉल ते कधी खेळले नव्हते. मुलीच्या शाळकरी संघाला शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. एका संघानं बास्केट केली की तो लगेच मागे पळतो आणि आपल्या टोकाला जाऊन उभा राहतो. समोरचा संघ चेंडू घेऊन निवांत चालत येतो. ९४ फुटांचं मैदान, त्यातला बराचसा भाग फुकटात सोडून द्यायचा? का?

आपल्या मुली उंच नाहीत, नेमबाज नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एकच डाव शिकवला: फुल कोर्ट प्रेस. म्हणजे मागे पळायचंच नाही. समोरच्या संघाला रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला पाच सेकंद मिळतात. ती पाच सेकंदंच अडवायची. चेंडू आत आलाच, तर मध्यरेषा ओलांडायच्या आधी दोघींनी घेरायचं. समोरच्या मुली गोंधळायच्या, चेंडू हातातून जायचा आणि सामना सुरू होतो न होतो तोच ४–०, ६–०, ८–० व्हायचं. दुबळ्या मुलींचा हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये ही गोष्ट लिहिली आणि ती जगभर पोचली.

त्या गोष्टीचा शेवट मात्र फार कोणी सांगत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पंच फाउलवर फाउल देऊ लागले, तेव्हा रणदिव्यांना प्रेस थांबवावी लागली. मुली इतर संघांसारख्या मागे जाऊन खेळल्या आणि हरल्या. त्यांच्याकडे दुसरा डाव नव्हता.

हा डाव आपल्या गावाला जुनाच

संभाजीनगरच्या माणसाला ही गोष्ट वाचून मलिक अंबर आठवला नाही तर नवल. १६१० मध्ये खडकी नावानं हे शहर ज्यानं वसवलं, तो हा हबशी गुलाम निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला होता. समोर जहांगीराचं मुघल सैन्य: संख्येनं मोठं, तोफा, हत्ती, अवजड तळ. त्याच्याशी मोकळ्या मैदानात समोरासमोर भिडणं म्हणजे हार.

म्हणून अंबरानं हलक्या मराठा घोडदळाचा गनिमी कावा वापरला. सैन्य अंगावर घ्यायचं नाही, त्याची रसद तोडायची. दाणा-वैरण अडवायची, रात्री छापे घालायचे, चालून चालून दमवायचं. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तेव्हा त्यानं तलावाचा बांध फोडून रस्त्यांचा चिखल केला आणि अवजड सैन्य त्यात रुतवलं. शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले.

प्रेस म्हणजे बास्केटबॉलमधली रसदतोडच. बास्केटजवळ समोरचा ताकदवान आहे ना? मग चेंडू तिथवर पोचूच द्यायचा नाही. वाटेतच लुटायचा.

पण अंबराचीही अर्धीच गोष्ट आपण सांगतो. १६१६ मध्ये रोशनगावला तो हरला आणि मुघलांनी खडकी उद्ध्वस्त केली. पाच वर्षांनी पुन्हा तेच झालं. तरीही तो उभा राहिला, कारण त्याच्याकडे छाप्यांशिवायही काही होतं. त्यानं जमीन महसुलाची घडी बसवली होती. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधली होती. नहर-ए-अंबरीनं पुढे कित्येक पिढ्यांना पाणी पाजलं. छापा एका रात्रीत होतो, नहर होत नाही.

किंग्जची घाई

रणदिव्यांना त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. २०१३ मध्ये किंग्ज सॅक्रॅमेंटो सोडून सिएटलला जायच्या बेतात होते. रणदिव्यांच्या गटानं संघ विकत घेतला आणि गावातच ठेवला. २०१६ मध्ये गावात नवं स्टेडियमही उभं राहिलं.

गडबड झाली ती संघ बांधताना. डिसेंबर २०१४ मध्ये संघाचे ११ विजय आणि १३ पराभव झाले होते. मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराच्या आजारानं बाहेर होता. त्याच वेळी प्रशिक्षक मायकल मलोन यांना काढलं. याच सुमारास बातम्या आल्या की, चारच खेळाडूंनी बचाव करायचा आणि पाचव्यानं समोरच्या बास्केटखाली थांबायचं, अशी कल्पना मालकांनी मांडली होती. मुलींच्या संघावर काम केलेली युक्ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंवर चालेल, असं त्यांना वाटलं असावं. मलोन पुढे डेन्व्हरला गेले आणि २०२३ मध्ये विजेते झाले.

मलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन, ख्रिस्टी. रणदिव्यांच्या पहिल्या बारा हंगामांत हंगामी धरून आठ प्रशिक्षक झाले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, किंग्जची निवड दुसरी होती. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. लगेच पुढच्या क्रमांकावर गेलेल्या लुका डॉन्चिचनं २०२४ मध्ये डॅलसला अंतिम मालिकेत नेलं. किंग्ज सलग सोळा हंगाम प्लेऑफला पोचले नाहीत. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. त्यातले पहिले सात हंगाम मात्र आधीच्या मालकांचे, हेही सांगितलं पाहिजे.

मग आला फेब्रुवारी २०२२. किंग्जनी टायरिस हॅलिबर्टन हा तरुण खेळाडू पेसर्सना दिला आणि बदल्यात डोमांटास साबोनिसला घेतलं. वरळीत एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन संघ आता सौदा करत होते.

त्या वेळी मी हा सौदा आवडीनं मिरवला होता आणि त्यात अगदीच चूक नव्हतं. पुढच्याच हंगामात किंग्जनी ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरे आले आणि दुष्काळ संपला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडला जायचा. पहिल्याच फेरीत वॉरियर्सविरुद्ध सातव्या सामन्यात स्टेफन करीनं ५० गुण केले आणि किंग्ज हरले, पण वाटलं, आता सुरुवात झाली. प्रशिक्षक माइक ब्राउन त्या वर्षीचे सर्वोत्तम ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही काढलं.

किंग्जचे विजय मोजा: ४८, ४६, ४०. त्याच तीन हंगामांत पेसर्सचे मोजा: ३५, ४७, ५०. सौद्यानंतर किंग्ज एकदम वर गेले आणि हळूहळू उतरले. पेसर्स आधी खालीच होते आणि पायरी-पायरीनं चढले. दर वर्षी नुसतं क्रमांकांचं पान बघणाऱ्याला ही चाल दिसली नसती.

नहर बांधणारे

अंतिम मालिकेत पेसर्ससमोर ओक्लाहोमा सिटी थंडर होते. ६८ विजय, १४ पराभव. प्रत्येक सामन्यामागे सरासरी जवळपास १३ गुणांची आघाडी, जी एनबीएच्या इतिहासातली सर्वांत मोठी. हा संघ आला कुठून?

वरळीतल्या त्या सामन्याच्या तीनच महिने आधी, जुलै २०१९ मध्ये, थंडरनी आपला मोठा खेळाडू पॉल जॉर्ज क्लिपर्सना देऊन टाकला. बदल्यात त्यांना शे गिल्जस-अलेक्झांडर हा एकच हंगाम खेळलेला मुलगा आणि पुढच्या अनेक वर्षांच्या ड्राफ्टमधले हक्क मिळाले. त्यातल्याच एका हक्कावर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स आला. मधल्या दोन हंगामांत थंडरनी २२ आणि २४ सामने जिंकले. एवढ्यावर किंग्जमध्ये प्रशिक्षक गेला असता. इथे सॅम प्रेस्टी २००७ पासून कारभार बघत होते आणि २०२० मध्ये नेमलेले मार्क डेग्नॉल्ट जागेवरच राहिले. पुढे विजय झाले ४०, मग ५७, मग ६८.

गंमत म्हणजे हॅलिबर्टनही २०२० मध्ये बाराव्याच क्रमांकाला निवडला गेला होता. तो निवडणारे होते किंग्ज. म्हणजे नजर त्यांच्याकडेही होती. कमी पडला तो धीर.

पुन्हा तीच प्रेस

आता त्या अंतिम मालिकेत काय झालं ते बघा. कागदावर दोन्ही संघांत १८ विजयांचं अंतर, तरी पेसर्सनी सात सामने खेचले. कसे? मैदानभर दाब टाकून. समोरच्याचा चेंडू आणणारा खेळाडू मध्यरेषेपर्यंत येतो तोच दमलेला. तिसऱ्या सामन्यात राखीव खेळाडू टी. जे. मकॉनेलनं पाच वेळा चेंडू चोरला आणि त्यातल्या काही चोऱ्या रेषेबाहेरून आत टाकलेल्या चेंडूच्याच होत्या. रणदिव्यांच्या मुली करायच्या तेच, पण एनबीएच्या अंतिम मालिकेत. सहाव्या सामन्यात त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूनं, गिल्जस-अलेक्झांडरनं, आठ वेळा चेंडू गमावला आणि पेसर्स १०८–९१ नं जिंकले.

म्हणजे मुंबईकर मालकाचा प्रश्न बरोबर होता. एवढं मैदान फुकटात का सोडायचं, याचं उत्तर वीसेक वर्षांनी त्याच खेळाच्या सर्वोच्च मंचावर मिळालं. फक्त उत्तर देणारा संघ दुसरा होता आणि त्याचा म्होरक्या होता किंग्जनी दिलेला हॅलिबर्टन.

पण थंडरकडे छापाही होता आणि नहरही. चेंडू हिसकावण्यात ते स्वतःच तरबेज. पहिल्या सामन्यात त्यांनी पेसर्सना २५ वेळा चेंडू गमवायला लावला आणि तरी हॅलिबर्टनच्या शेवटच्या क्षणाच्या बास्केटनं ते १११–११० असे हरले. परत एकच गुण! सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात घोट्यामागची शीर तुटून पडला. तरी मध्यंतराला पेसर्स ४८–४७ असे पुढे होते. तिसऱ्या सत्रात थंडरनी ३४–२० अशी मुसंडी मारली आणि शेवट झाला १०३–९१. पेसर्सचा मुख्य माणूस गेल्यावर त्यांची चाल अडखळली. थंडरकडे एकाचं अडलं तर दुसरा होता: पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सनं एकट्यानं ४० गुण केले होते.

आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्हीही एकदा प्रेस लावली होती. समोर उंच, तगडी पोरं. पहिली दहा मिनिटं आम्ही राजे होतो. मग दम संपला. बाकावर बदली म्हणून दोघंच होते आणि महिनाभरात सराव झाला होता तीन दिवस. प्रेस वाईट, असं तेव्हा आम्ही ठरवून टाकलं. त्या सोमवारी सकाळी सामना संपल्यावर कळलं, वाईट प्रेस नव्हती.

टोळक्यातल्या एकानं फोन खाली ठेवत विचारलं, “आता तरी संघ बदलशील ना?”

नाही म्हणालो. आडनाव बघून निवडलाय, असा सोडता येत नाही. पण आता किंग्जचा सामना बघताना माझी नजर गुणफलकावर कमी असते. प्रशिक्षक तोच आहे का आणि गेल्या वर्षी निवडलेला पोरगा अजून संघात आहे का, हे मी आधी बघतो.