मुलाचें मन आणि गांवाची शाळा

मौदा हें कन्हान नदीच्या कांठचें, नागपूर-भंडारा मार्गावरील तालुक्याचें गांव. अशा गांवांतील शाळेंत मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठीं कांहीं कार्य आरंभावयाचें म्हटलें, कीं पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा जागेचा. तिसरा, आणि खरा प्रश्न असा, कीं हें कार्य गांवाला आपलें वाटतें काय? त्याचें उत्तर शोधण्यास आपल्याच इतिहासाकडे वळलें पाहिजे.

जुन्या पंतोजींच्या शाळेला गांवाचा आधार नव्हता असें नाहीं. पंतोजींचें पोट गांवच भरीत असे. कोणी धान्य देई, कोणी सणावारीं शिधा पाठवी. अंगठे धरविणें, छडीनें हात लाल करणें, या शिक्षाही गांवाला मान्यच होत्या. मूल रडत घरीं आलें, तर बापाची सहानुभूति बहुधा पंतोजींकडे जाई. शाळा आणि घर यांचें ऐक्य होतें. पण तें मुलाच्या विरुद्ध होतें. भिऊन गप्प बसलेलें मूल शहाणें ठरे, आणि त्या गप्पपणाची चौकशी कोणी करीत नसे. तेव्हां गांवाचा आधार मिळविणें एवढ्यानें भागत नाहीं. तो कशासाठीं, हें आधीं ठरवावें लागतें.

हें मर्म ज्यांनीं ओळखलें, त्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचीं नांवें अग्रभागीं आहेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० सालीं बालमंदिर निघालें. विवाहानंतर अमरावतीस राहिलेल्या ताराबाई पुढें तेथें येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीबाईंच्या तत्त्वाप्रमाणें तेथें छडी नव्हती, तसें बक्षिसाचें आमिषही नव्हतें. परंतु दिवसा मोकळें झालेलें मन संध्याकाळीं घरच्या धाकानें पुन्हां मिटणार असेल, तर गुरूचे श्रम व्यर्थच. म्हणून गिजुभाईंनीं आईबापांसाठींही लेखन केलें, आणि संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीप्रमाणें मराठींतही निघाली.

पण जे वाचूं शकत नाहींत, त्या आईबापांचें काय? १९४५ सालीं ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. तीच अंगणवाडी. मुलांची स्वच्छता, गाणीं, बिया आणि शिंपल्यांचे खेळ हें सारें आयांच्या डोळ्यांदेखत चाले. न मारतां मूल ऐकतें, हें त्यांना व्याख्यानानें सांगावें लागत नसे. तें त्यांना समोर दिसे. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा निघाल्या. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेंत अंगणवाडी हें नांव देशभर पोंचलें. त्या नांवांतील मर्म तितकेंच दूर पोंचलें, असें मात्र म्हणवत नाहीं.

बोर्डी दूर वाटत असेल, तर मौद्याच्या लोकांनीं शेजारच्या वर्धा जिल्ह्याकडे पाहावें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंतून नई तालीम निघाली. आरंभीं ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेच्या वेळीं मात्र तिची व्याप्ति शिशूपासून प्रौढांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि मुलाच्या शिक्षणाला आईबापांच्या शिक्षणाची जोड मिळाली. त्याच काळांत रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना मध्यप्रांतांत पुढें आली होती. गांवानें जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नांतून शाळा चालावी, अशी ती कल्पना. जमीन देणें सोपें नव्हेच. परंतु मुलाशीं वागण्याची रीत बदलणें त्याहूनही कठीण आहे.

आज कायदा मुलाच्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली. २१ व्या कलमान्वयें होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पंतोजींच्या काळीं जें ऐक्य मुलाच्या विरुद्ध होतें, तें त्याच्या बाजूनें उभें करण्याचें साधन असें हातीं आलें आहे.

तें वापरावयाचें कसें? भाताच्या रोवणीला गेलेली आई दुपारच्या सभेस येणार नाहीं. तेव्हां सभा तिच्या सवडीनें, तिच्याच वस्तींत भरवावी. इमारत आणि आहार यांबरोबर आणखी एक विषय ठेवावा : मुलें शाळेस यावयास कां भितात, आणि घरीं कां बोलत नाहींत? कोणत्याही मुलाचें नांव सभेंत घेऊं नये. त्याचें दुःख चव्हाट्यावर आलें, तर तें दुसऱ्यांदा बोलणार नाहीं. शिक्षकानें आईबापांची भेट केवळ तक्रारीसाठीं घेऊं नये. आणि दुःख खोल दिसलें, तर मानसरोगतज्ज्ञाकडे नेण्यास लाजूं नये.

बोर्डीला मुलें शाळेंत आलीं नाहींत, तेव्हां ताराबाईंनीं मुलांना दोष दिला नाहीं. त्यांनीं शाळेची जागा बदलली. गप्प झालेल्या मुलाला बोलतें करावयाचें असेल, तर बदलाचा आरंभ असाच मोठ्यांकडून झाला पाहिजे.