मार्क्सलोह : खाणीच्या खानावळीतली मशीद

जर्मनीच्या रूर खोऱ्यात डुइसबुर्ग हे पोलादाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेकडच्या हाम्बोर्न विभागात मार्क्सलोह ही वस्ती येते. आज जर्मन वर्तमानपत्रांत तिचे नाव आले की पुढे ‘तुर्क’, ‘बेकारी’, ‘गुन्हेगारी’ हे शब्द ठरलेले. जणू तुर्क येण्यापूर्वी तिथे सारे एकाच रक्ताचे, एकाच बोलीचे लोक नांदत होते! इतिहास तसे सांगत नाही.

आउगुस्ट थिसेनने इथल्या कोळशाच्या खाणी हाती घेतल्या आणि १८९१ मध्ये शेजारच्या ब्रुकहाउझेनमध्ये पोलादाचा कारखाना सुरू केला. शेतीची खेडी पाहता पाहता मजुरांच्या चाळींनी भरून गेली. लोकसंख्या लाखावर गेली तरी हाम्बोर्न कागदोपत्री खेडेच होते; १९११ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १९२९ मध्ये ते डुइसबुर्गला जोडले गेले. हे मजूर आले कुठून? मोठ्या संख्येने प्रशियाच्या पूर्व भागातून, आणि त्यांतले कितीतरी पोलिश बोलणारे कॅथलिक होते. त्यांची भाषा, त्यांच्या संस्था, त्यांचे धर्मगुरू या साऱ्यांकडे सरकार संशयाने पाही. १९०८ च्या कायद्याने तर जाहीर सभांत जर्मन भाषेची सक्ती केली. पुढे १९८१ मध्ये दूरचित्रवाणीवर डुइसबुर्गचा म्हणून जो पोलीस अधिकारी लोकप्रिय झाला, त्याचे नाव शिमान्स्की. तोवर हे पोलिश नाव कुणाला परके वाटेनासे झाले होते.

तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार झाला तो ३० ऑक्टोबर १९६१ रोजी. शब्द होता ‘पाहुणे कामगार’. दोन वर्षे काम करायचे आणि परत जायचे. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवणे कारखानदारांनाच परवडेना. १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये सरकारने भरती थांबवली. परिणाम मात्र उलटा झाला. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून लोक परत गेले नाहीत. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. पाहुणा राहिला, पण त्याला घरचा मानायला घरमालक तयार नव्हता. पत्रकार ग्युंटर वालराफ ‘अली’ नावाचा तुर्क मजूर बनून ठेकेदारामार्फत थिसेनच्या कारखान्यात राबला. १९८५ च्या त्याच्या पुस्तकाने या मजुरांचे हाल जर्मन वाचकांच्या घरात नेले.

नमाज कुठे होत असे? वसतिगृहाच्या खोलीत, मागच्या अंगणातल्या गाळ्यात. मार्क्सलोहच्या जमातीला जागा मिळाली ती खाणीच्या जुन्या खानावळीत. जिथे खाणकामगार जेवत, तिथे सफा बिछावल्या गेल्या. १९९६-९७ मध्ये ध्वनिक्षेपकावरून अजान देण्याच्या मागणीवरून डुइसबुर्गमध्ये मोठा वाद पेटला. त्या अनुभवातून शहाणपण आले असावे, कारण खानावळीच्या जागी नवी मशीद बांधायचे ठरले तेव्हा चर्च, राजकीय पक्ष, शेजारी यांना सुरुवातीपासून सल्लागार मंडळात घेतले गेले. मिनार ३४ मीटरचा, पण त्यावरून बाहेर अजान नाही. रस्त्यावरून आत दिसेल अशा मोठ्या खिडक्या. सोबत सर्वांसाठी भेटीगाठींचे केंद्र. सरकारी आणि युरोपीय संघाचा पैसा आला तो या केंद्रासाठी. २६ ऑक्टोबर २००८ रोजी प्रांताचे मुख्यमंत्री युर्गेन र्‍युटगर्स यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. कोलोनमध्ये मशिदीविरुद्ध मोर्चे निघत असताना इथे तसे काही झाले नाही, म्हणून वर्तमानपत्रांनी याला ‘मार्क्सलोहचा चमत्कार’ म्हटले. मला हा शब्द पटत नाही. वर्षानुवर्षे बैठकांत बसून, थोडे सोडून, थोडे मिळवून जे साधले त्याला चमत्कार म्हटले की माणसांचे श्रम पुसले जातात. खिडक्यांबद्दलही मनात प्रश्न येतो. आपण काही लपवत नाही, हे दाखवत राहण्याची जबाबदारी एकाच समाजावर का?

मशिदीने पोट भरत नाही, हेही खरे. हाम्बोर्नच्या खाणी मशिदीच्या कितीतरी आधी बंद झाल्या होत्या. वेझेलर रस्त्यावर तुर्क व्यापाऱ्यांनी लग्नाच्या पोशाखांची दुकाने थाटली आणि दूरदूरचे गिऱ्हाईक तिथे येऊ लागले. रुमानिया-बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आल्यावर तिथले गरीब रोमा या वस्तीत आले आणि पडक्या घरांत दाटीवाटीने राहू लागले. आता त्यांच्याविषयी तक्रार करणाऱ्यांत तुर्कांची नातवंडेही असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये थिसेनक्रुपच्या पोलाद कंपनीने ११,००० जागा कमी करण्याचा किंवा बाहेर सोपवण्याचा बेत जाहीर केला. ज्या फाटकातून आजोबा आत गेले, त्याच फाटकाबाहेर नातू उभा राहणार की काय, ही चिंता आता मार्क्सलोहच्या घराघरांत आहे. आणि ती घरे एकाच धर्माची नाहीत.