एंडोमेट्रिओसिस

एंडोमेट्रिओसिस : गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, मुख्यत्वे अंडाशय, अंडवाहिन्या व ओटीपोटाचे आतील आवरण आणि काही वेळा आतडे किंवा मूत्राशय यांवर वाढल्यामुळे होणारा चिवट दाहजन्य विकार. प्रजननक्षम वयातील सुमारे १०% स्त्रियांना तो असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे ऊतकही संप्रेरकांना प्रतिसाद देते. त्यातून झिरपलेल्या रक्ताला वाट न मिळाल्याने दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात आणि अंडाशयात जुन्या, दाट, तपकिरी रक्ताच्या गाठी (‘चॉकलेट सिस्ट’) तयार होतात. पाळीचे रक्त अंडवाहिन्यांतून उलटे पोटात गेल्याने हा विकार होतो, ही अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांची १९२७ मधील उपपत्ती प्रसिद्ध आहे. मात्र असा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होत असूनही विकार थोड्यांनाच का जडतो, याचा उलगडा तिने होत नाही.

पाळीतील असह्य कळा, संभोग वा शौचाच्या वेळी दुखणे, थकवा आणि वंध्यत्व ही प्रमुख लक्षणे होत. ‘लग्न झाले, मूल झाले की थांबेल’ ही घरोघरची, आणि काही वेळा दवाखान्यातही ऐकू येणारी समजूत निदान वर्षानुवर्षे लांबवते. वास्तविक गर्भारपण हा यावरील उपचार नव्हे. सोनोग्राफी निर्दोष आली तरी विकार नाही असे ठरत नाही, म्हणून एमआरआय किंवा दुर्बिणीद्वारे तपासणी लागू शकते. वेदनाशामके, प्रोजेस्टोजेन व गर्भनिरोधक गोळ्या आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे उपचार असून त्यांनंतरही विकार उलटू शकतो. वेदनेच्या तारखा व स्वरूप यांची नोंदवही डॉक्टरांना उपयोगी पडते. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी व समुपदेशन हे पूरक आधार होत.